कोणाचं मीठ, कोणासोबत

नोव्हेंबर २०१३. थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर आला होता आणि साउथ कॅरोलिनातल्या हेमिंग्वे नावाच्या छोट्या गावात एका बार्बेक्यूवाल्याची भट्टीखोली जळून खाक झाली. दुकान स्कॉट कुटुंबाचं, १९७२ पासूनचं. आख्खं डुक्कर रात्रभर लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजायचं, ही त्यांची खासियत. मुलगा रॉडनी स्कॉट अकरा वर्षांचा असल्यापासून हे काम करत आलेला. आता सगळा धंदाच रात्रभर विस्तव सांभाळण्याचा, त्यात वरून चरबी टपकत असते, तेव्हा आग लागणं ही काही फार नवलाची गोष्ट नाही. नवल पुढे घडलं.

दक्षिणेतल्या शेफ, पिटमास्टर आणि हॉटेलमालकांचा ‘फॅटबॅक कलेक्टिव्ह’ नावाचा एक गट होता. पिटमास्टर म्हणजे भट्टी सांभाळणारा मुख्य माणूस. या मंडळींनी २०१४ च्या सुरुवातीला रॉडनीला सोबत घेऊन एक दौरा काढला. नाव ठेवलं ‘बार्बेक्यू इन एक्झाइल’, म्हणजे हद्दपारीतलं बार्बेक्यू. दक्षिणेतल्या एकेका शहरात जायचं, तिथल्या मित्राच्या जागेत भट्टी लावायची, रात्रभर भाजायचं, लोकांना जेवू घालायचं आणि जमलेले पैसे नव्या भट्टीखोलीसाठी द्यायचे. भट्टी पुन्हा उभी राहिली.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोक्यात आलेला प्रश्न फार उदात्त नव्हता. ज्यांचं पोट त्याच धंद्यावर आहे, त्यांनी दुसऱ्याचं दुकान का उभं करून द्यावं? आणि दिलं, तर त्याला मैत्री म्हणायचं, की धंद्यातली हुशारी?

हा प्रश्न मला सोडवत नाही, याचं कारण मी राहते तिथे आहे. गेली सहा वर्षं मी टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात आहे. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. पण या शहरात राहून बार्बेक्यूपासून लांब राहता येत नाही. माझ्या घराजवळ एका मोकळ्या प्लॉटवर बार्बेक्यूचा एक ट्रेलर उभा असतो. दोन गल्ल्या सोडून दुसरा. एका उन्हाळ्यात पहिल्याचा फ्रिज बंद पडला, तेव्हा त्याचं सगळं कच्चं मांस दुसऱ्याने आपल्याकडे ठेवून घेतलं. मी तिथे रांगेत उभी होते. दोघांमध्ये आभारप्रदर्शन वगैरे काही झालं नाही. दुसरा फक्त म्हणाला, बर्फ कमी पडला तर सांग.

*

आधी थोडं या कामाबद्दल, कारण मैत्रीचं मूळ कामातच आहे असं मला वाटतं.

टेक्सासमध्ये बार्बेक्यूचा राजा म्हणजे ब्रिस्केट, गुराच्या छातीचं मांस. हा भाग मुळात चिवट. मीठ आणि मिरपूड चोळून तो बंद भट्टीत ठेवतात, एका बाजूला ओकची लाकडं जळत असतात, आणि १२०-१३० अंश सेल्सियसच्या आसपासच्या धुरकट हवेत तो बारा-चौदा तास, कधी त्याहून जास्त वेळ हळूहळू शिजतो. मधे एक टप्पा असा येतो की मांसाचं तापमान सत्तर अंशांच्या आसपास येऊन अडकतं. तासन्‌तास काटा हलत नाही. मांसातलं पाणी वाफ होऊन जात असतं आणि घाम आल्यावर आपलं अंग गार पडावं तसं मांस स्वतःलाच गार ठेवत असतं. नवखा माणूस इथे घाबरून जाळ वाढवतो आणि माती करतो. जाणता माणूस खुर्ची ओढून बसतो.

म्हणजे या धंद्यात कामाचा मोठा भाग बसून राहण्याचा आहे. झोपता येत नाही, कारण दर थोड्या वेळाने लाकूड घालायचं असतं. निघूनही जाता येत नाही. मग माणसं बोलतात. आपल्याकडे कोजागरीला, जत्रेच्या आदल्या रात्री मोठ्या पातेल्यापाशी, किंवा गुऱ्हाळावर रात्रपाळीला जशा गप्पा होतात, तशा. दिवसा कधी न बोललेलं माणूस पहाटे तीनला विस्तवाकडे बघत बोलून जातो.

ऑस्टिनपासून तासाभराच्या अंतरावर लेक्सिंग्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथलं ‘स्नोज’ हे दुकान २००३ साली सुरू झालं आणि ते फक्त शनिवारी उघडतं. तिथल्या पिटमास्टर टूट्सी टोमानेट्झ. जन्म १९३५ चा. मांस भाजण्याचं काम त्यांनी साठच्या दशकात सुरू केलं, आणि ऐंशी ओलांडल्यावरही आठवडाभर शाळेत देखभालीची नोकरी करून शनिवारी मध्यरात्रीनंतर भट्टीवर हजर व्हायच्या. २००८ मध्ये ‘टेक्सास मंथली’ मासिकाने या दुकानाला राज्यातलं सर्वोत्तम ठरवलं आणि गावाबाहेरच्या लोकांची रीघ लागली. मी गेले तेव्हा पहाटेच रांग लांबलचक झालेली होती. पुढे ह्यूस्टनहून आलेला एक निवृत्त वेल्डर, मागे हनिमूनला निघालेलं जोडपं. सकाळ होईपर्यंत आम्हाला एकमेकांच्या नोकऱ्या, आजार आणि सासरची माणसं माहीत झाली होती. नंबर मात्र कुणी कुणाचा घेतला नाही.

ही मैत्री होती का? ॲरिस्टॉटलला विचारलं तर तो म्हणाला असता, होती, पण एका प्रकारची.

*

‘निकोमाखियन एथिक्स’ या त्याच्या ग्रंथातली दोन प्रकरणं मैत्रीवर आहेत. तो मैत्रीचे तीन प्रकार करतो. पहिली उपयोगाची मैत्री, तू माझ्या कामाचा, मी तुझ्या. दुसरी मौजेची, तुझ्यासोबत वेळ छान जातो. तिसरी ती, जिथे मला तुझं भलं व्हायला हवं असतं ते तुझ्यासाठीच, माझा त्यात काही फायदा असो वा नसो. पहिल्या दोन लवकर मोडतात. उपयोग संपला, मौज संपली, की विषय संपला. तिसरी टिकते, पण दुर्मिळ असते आणि तिला वेळ लागतो. किती वेळ, हे सांगताना तो त्याच्या काळातली एक म्हण वापरतो. त्या म्हणीचा आशय असा, की सोबत पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत.

हे वाचलं आणि मी थांबले. कारण मीठ खाण्याबद्दलची म्हण मराठीतही आहे, पण तिचा रोख वेगळा आहे. आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं. इथे मीठ कुणा एकाचं असतं, धन्याचं. खाणारा दुसरा असतो. आणि जागायचं ते खाणाऱ्याने. ग्रीक म्हणीतलं मीठ कोणाचं आहे याची चौकशीच नाही. ते दोघांच्या मधे ठेवलेलं आहे. एक मीठ वरून खाली येतं, दुसरं समोरासमोर बसून खाल्लं जातं. बार्बेक्यूच्या जगातल्या मैत्रीबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते या दोन मिठांमधल्या फरकाबद्दल आहे.

पण आधी संशयखोर माणसाचं म्हणणं ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणेल, बार्बेक्यूवाले एकमेकांना मदत करतात, कारण त्यांना ते परवडतं. ब्रिस्केट आयत्या वेळी वाढवता येत नाही. काल रात्री भट्टीत जेवढी ठेवली, तेवढीच आज विकणार. दुपारी एक-दोनला ‘संपलं’ची पाटी लागते. मग उरलेलं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवण्यात आपलं काय जातं? उलट दहा चांगली दुकानं असली तर लोक मुद्दाम त्या गावाला येतात. शिवाय ज्ञान वाटण्यातही धोका नाही. ऑस्टिनच्या ॲरन फ्रँकलिनने २००९ मध्ये एका ट्रेलरपासून सुरुवात केली. पुढे टीव्हीवर आणि २०१५ च्या पुस्तकात सगळी रीत उघड करून सांगितली. लाकूड कोणतं, जाळ कसा लावायचा, भट्टी कशी वेल्ड करायची, सगळं. तरी त्याच्या दुकानापुढची रांग कमी झाली नाही. कारण कसं करायचं हे माहीत असणं आणि ते करता येणं यात फरक आहे. सायकल चालवण्यावरचं पुस्तक वाचून कुणी सायकल शिकत नाही. ज्या गुपिताची चोरी होऊच शकत नाही, ते वाटून टाकण्यात कसलं औदार्य?

हे सगळं मला मान्य आहे. पण यातून एवढंच सिद्ध होतं की या धंद्यात एकमेकांशी वैर धरायची गरज कमी आहे. वैर नसणं आणि मैत्री असणं यांच्यामध्ये बरंच अंतर उरतं. शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक पाठवायला एक वाक्य पुरतं. आपलं दुकान सोडून, दुसऱ्या शहरात जाऊन, त्याच्यासाठी रात्र जागवायला त्याहून काहीतरी जास्त लागतं. २०११ च्या मे महिन्यात मिझुरीतल्या जॉपलिन शहराला चक्रीवादळाने झोडपलं, तेव्हा एरवी स्पर्धांमध्ये एकमेकांविरुद्ध उतरणारे बार्बेक्यूवाले आपापल्या भट्ट्या गाडीला जोडून तिथे पोचले आणि घरं गमावलेल्यांना आणि मदतकार्य करणाऱ्यांना जेवू घालू लागले. त्यातून ‘ऑपरेशन बीबीक्यू रिलीफ’ ही संस्था उभी राहिली. फायद्याचा हिशोब तिथपर्यंत पोचत नाही असं नाही, ओढूनताणून पोचवता येतो. पण ओढाताण करावी लागते, हे मला पुरेसं बोलकं वाटतं.

*

रक्ताची नाती तरी यापेक्षा भक्कम असतात का? या जगात त्याचंही एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट नावाचं गाव आहे. बार्बेक्यूची राजधानी म्हणून टेक्सासच्या विधिमंडळानेच त्याचा गौरव केला आहे. तिथलं ‘क्रॉइट्झ मार्केट’ १९०० सालचं. १९४८ मध्ये ते श्मिट कुटुंबाकडे आलं. पुढे वाटणी अशी झाली की धंदा मुलांकडे आणि इमारत मुलीकडे. म्हणजे भाऊ बहिणीचे भाडेकरू. आपल्याकडच्या कुणालाही पुढे काय झालं असेल हे सांगायची गरज नाही. १९९९ मध्ये भाड्याच्या करारावरून बिनसलं. भावाने थोड्या अंतरावर मोठी नवी इमारत बांधली आणि नाव घेऊन गेला. बहिणीने जुन्या जागेत ‘स्मिटीज मार्केट’ सुरू केलं. स्मिटी हे वडिलांचं टोपणनाव. १ सप्टेंबर १९९९ रोजी जुन्या भट्टीतले निखारे एका पत्र्याच्या टबात भरून रस्त्याने ओढत नव्या जागी नेले गेले.

मी दोन्ही ठिकाणी जेवले आहे. दोन्ही चालू आहेत आणि चांगली आहेत. निखारे वाटून नेता येतात आणि दोन्हीकडे जाळ धरतो. पण एका विस्तवाची राख अंगावर घेत वाढलेली माणसंही एका छपराखाली राहतीलच असं नाही, हेही त्यातून दिसतं. म्हणून ‘आम्ही म्हणजे एक कुटुंब आहोत’ असं कुणी धंद्याबद्दल म्हणालं की मला लॉकहार्टचा तो टब आठवतो. कुटुंब ही हमी नाही. एकत्र काम ही तरी हमी आहे का?

मला वाटत होतं, आहे. रात्रभर एका जाळाशी बसलेली माणसं परकी राहूच शकत नाहीत, अशी माझी समजूत होत चालली होती. या समजुतीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले दोन खटले आडवे येतात.

*

अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात ‘ऑलीज बार्बेक्यू’ नावाचं कौटुंबिक हॉटेल होतं. स्थापना १९२७. दोनशे वीस माणसं बसतील एवढी जागा. कामाला छत्तीस माणसं, त्यातली दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. पण १९२७ पासून त्या टेबलांवर एकाही कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला बसू दिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी सोय होती ती पार्सलची. १९६४ च्या जुलैमध्ये नागरी हक्कांचा कायदा आला आणि त्याने हॉटेलांमधला असा भेदभाव बेकायदा ठरवला. ऑलीजचे मालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, आमचं हॉटेल स्थानिक आहे, त्याच्याशी केंद्र सरकारचा काय संबंध?

त्या वर्षी १४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. आधार काय, तर मांस. केंद्राला आंतरराज्य व्यापाराचं नियमन करण्याचा अधिकार आहे आणि ऑलीजने आदल्या वर्षभरात घेतलेल्या मालापैकी ६९,६८३ डॉलरचं मांस राज्याबाहेरून आलेलं होतं. मांस राज्यांच्या सीमा ओलांडून येत होतं, म्हणून माणसांना टेबलापर्यंतची सीमा ओलांडता आली.

दुसरा खटला साउथ कॅरोलिनातला, म्हणजे ज्या राज्यात पुढे रॉडनी स्कॉटची भट्टी जळाली, त्याच राज्यातला. ‘पिगी पार्क’ ही मॉरिस बेसिंजर यांची बार्बेक्यूची दुकानं. तिथे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायचं, पैसे द्यायचे, पुडकं घ्यायचं आणि तिथे न खाता निघून जायचं. वेगवेगळ्या वर्णाच्या लोकांनी मिसळणं देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, असाही त्यांचा बचाव होता. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो थिल्लर ठरवून बाजूला सारला.

आता पुन्हा ऑलीजच्या स्वयंपाकघराकडे बघू. तिथे गोरे मालक आणि कृष्णवर्णीय कामगार वर्षानुवर्षं एकत्र राबले असणार. एकमेकांच्या मुलाबाळांची नावं माहीत असणार. थट्टामस्करी होत असणार. अडीअडचणीला उचल दिली जात असणार. कदाचित मालकाला मनापासून वाटतही असेल की ही आपली माणसं आहेत. हे सगळं खरं धरलं, तरी ज्या हातांनी ते जेवण तयार झालं, त्या हातांच्या माणसाला समोरच्या दालनात ते ताट घेऊन बसता येत नव्हतं. त्यांनी मालकाचं मीठ खाल्लं होतं. मालकासोबत खाल्लं नव्हतं.

इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला लागतं. विस्तवाजवळची सोबत खरी असते, पण ती एकटी पुरत नाही. विस्तवाजवळ आपल्याला दुसऱ्याची गरज असते. लाकूड कोण घालणार, मांस कोण उलटणार? ती गरज भागल्यावर, काम संपल्यावर, त्या माणसाला कुठे बसायला जागा आहे, हे टेबल ठरवतं. मैत्रीचा कस तिथे लागतो.

*

मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पंगत हा शब्दच आपल्याला पुरेसा आहे. कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या ताटाशेजारी ताट चालत नाही, कुणाला मागच्या दाराने आणि वरून पाणी वाढायचं, याचे नियम आपण बर्मिंगहॅमच्या कितीतरी आधीपासून पाळत आलो. आणि ते मोडणारेही आपल्यात झाले. १८६८ मध्ये जोतिराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाच वर्षांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, तेव्हा ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथली गुलामी नष्ट करण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून त्यांना ते नातं दिसलं होतं. ऑलीज सुरू झालं त्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. पिगी पार्कचा निकाल लागला तेव्हा जोतिरावांच्या हौदाला शंभर वर्षं झाली होती.

मला इथे एक लहानसं निरीक्षण नोंदवायचं आहे. ऑस्टिनमधल्या आमच्या मराठी मित्रमंडळात सगळे ब्रिस्केट खात नाहीत. गोमांस चालत नाही म्हणून काही जण टर्की घेतात, एक मैत्रीण पूर्ण शाकाहारी आहे, ती बटाट्याचं सॅलड, बीन्स आणि पाव यावर भागवते. तरी आम्ही एकाच लाकडी बाकावर, एकाच कागद पसरलेल्या टेबलाशी बसतो. कुणी कुणाच्या पुढ्यात डोकावून नाक मुरडत नाही. सुरुवातीला एक-दोघांनी मुरडलं होतं, मग सवय झाली. सोबत जेवायला सारखं जेवावं लागत नाही, एवढंच यातून मी शिकले. ताट वेगळं असलेलं चालतं. पंगत वेगळी असली की मात्र मैत्रीला जागा उरत नाही.

*

आता हेमिंग्वेच्या आगीकडे परत जाऊ, कारण मधल्या काळात ती गोष्ट बदललेली आहे. मी एक तपशील सांगायचा राहिला होता. रॉडनी स्कॉट कृष्णवर्णीय आहे. त्याच्यासाठी दौरा काढणाऱ्यांमध्ये गोरे शेफ आणि हॉटेलमालक होते. पिगी पार्क ज्या राज्यात होतं, त्या राज्यातल्या एका कृष्णवर्णीय पिटमास्टरची भट्टी पुन्हा उभी राहावी म्हणून ही माणसं आपली दारं उघडत होती. खिडकीतून पुडकं देण्यापासून इथपर्यंतचा प्रवास लहान नाही.

पण टाळ्या वाजवून थांबू नये. बार्बेक्यूचा इतिहास अभ्यासणारे एड्रियन मिलर यांनी २०२१ च्या ‘ब्लॅक स्मोक’ या पुस्तकात दाखवून दिलं आहे की ही कला घडवण्यात कृष्णवर्णीयांचा वाटा प्रचंड असूनही मासिकं, टीव्ही आणि याद्या यांतून ते हळूहळू पुसले गेले. गुलामगिरीच्या काळात मोठमोठ्या मेजवान्यांसाठी रात्रभर खड्ड्यांतले निखारे सांभाळणारे हात बहुतेक त्यांचेच होते. आज बार्बेक्यूवाला म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो दाढीवाला गोरा माणूस. म्हणजे टेबलावर बसायला जागा मिळाली, तरी पाटीवर नाव यायला आणखी वेळ लागतो.

म्हणून त्या दौऱ्याबद्दल माझा प्रश्न असा होता, की मदत करणाऱ्यांनी नंतर काय केलं? उपकार करून आपापल्या घरी गेले असते, तर ते वरून खाली आलेलं मीठच ठरलं असतं. रॉडनीने जन्मभर जागत राहायचं. तसं झालं नाही. त्या गटातले निक पिहाकिस हे मोठ्या बार्बेक्यू साखळीचे संस्थापक. ते आणि रॉडनी पुढे भागीदार झाले आणि २०१७ मध्ये चार्ल्सटन शहरात नवं दुकान उघडलं. नाव रॉडनी स्कॉटचं. पुढच्याच वर्षी रॉडनीला दक्षिण-पूर्व विभागातला सर्वोत्तम शेफ म्हणून ‘जेम्स बिअर्ड’ पुरस्कार मिळाला. अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातला हा सर्वात मानाचा पुरस्कार.

संशयखोर माणूस इथे पुन्हा हात वर करेल. बघा, शेवटी धंदाच निघाला. मैत्री, दौरा, सगळं भागीदारीत संपलं. मला यात वावगं काही दिसत नाही. उलट मैत्रीत व्यवहार आला म्हणून ती खोटी ठरते, ही समजूतच मला चुकीची वाटते. या समजुतीचा फायदा बहुतेक वेळा तगड्या बाजूला होतो. ‘आपल्यात कसला हिशोब?’ हे वाक्य ज्याच्याकडे जास्त आहे, त्याच्या तोंडी शोभून दिसतं. ज्याच्याकडे कमी आहे, त्याला हिशोब हवा असतो, लेखी हवा असतो आणि पाटीवर नाव हवं असतं. ऑलीजच्या कामगारांना जिव्हाळा कदाचित मिळाला असेल. खुर्ची मिळाली नव्हती.

ॲरिस्टॉटलने उपयोगाची मैत्री आणि खरी मैत्री वेगळी काढली, ते समजून घेण्यासाठी ठीक आहे. पण तो ज्या समाजात राहिला तिथे राबणारे गुलाम होते, आणि गुलामाशी गुलाम म्हणून मैत्री होऊ शकत नाही, माणूस म्हणून होऊ शकेल, असं काहीसं तो त्याच ग्रंथात म्हणून जातो. त्या वाक्यापाशी तो थोडा आणखी थांबला असता तर बरं झालं असतं. माणूस म्हणून मैत्री करायची, तर त्याला गुलाम ठेवता येत नाही. आधी ती व्यवस्था मोडावी लागते, मग सोबत मीठ खाता येतं. बर्मिंगहॅममध्ये ती न्यायालयाला मोडावी लागली. मनं आपोआप बदलतील याची वाट पाहत कायदा बसला असता, तर आजही लोक खिडकीशी उभे असते.

याचा अर्थ कायद्याने मैत्री होते, असा नाही. कायद्याने खुर्ची मिळते. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलायचं की नाही, हे शेजारच्या खुर्चीतल्याने ठरवायचं असतं. पण खुर्चीच नसेल, तर तो प्रश्नच उभा राहत नाही.

*

हे सगळं अमेरिकेतलं आणि मांसाचं झालं, त्याचा आपल्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटत असेल. तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखे ऑफिसांत काम करत असतील. तिथेही हल्ली ‘कम्युनिटी’ हा शब्द फार चालतो. टीम म्हणजे कुटुंब असतं, शुक्रवारी सगळे एकत्र जेवतात, फोटो निघतात. मी पुण्यात ज्या कंपनीत होते, तिथेही होतं. आमच्या मजल्यावर चहा करणारे एक काका होते. आमच्या प्रत्येकाची चहाची आवड त्यांना पाठ होती, कुणाला साखर नको, कुणाला आलं जास्त. आम्हीही त्यांच्या मुलीच्या दहावीला पेढे खाल्ले होते. आमचं नातं प्रेमाचं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण कॅन्टीनमध्ये कंत्राटी माणसांची जेवणाची वेळ आमच्यानंतरची होती आणि टेबल कोपऱ्यातलं. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणालाच माहीत नव्हतं. तो वाईट हेतूने केलेला असेल असंही नाही. बसण्याच्या जागा बहुधा अशाच ठरत जातात, कुणी न ठरवता.

म्हणून कुठल्याही गटाची मैत्री कितपत खरी आहे हे जोखायचं असेल, तर मी आता गटातल्या लोकांचं एकमेकांवर किती प्रेम आहे हे बघत नाही. प्रेम बहुतेक ठिकाणी सापडतं. मी तीन साध्या गोष्टी बघते. जाळ कोण सांभाळतं, टेबलाशी कोण बसतं आणि पाटीवर नाव कोणाचं आहे. तिन्हींची उत्तरं सारखीच असायला हवीत असा माझा आग्रह नाही. लेक्सिंग्टनच्या त्या दुकानाच्या मालकीणबाई टूट्सी नव्हेत, मालक दुसरे आहेत. पण तिथे जाणारा प्रत्येक जण आधी भट्टीपाशी जाऊन टूट्सींना भेटतो, आणि दुकानाबद्दल जे काही छापून येतं त्यात त्यांचं नाव असतं. उत्तरं वेगळी असतील, तर ती का वेगळी आहेत हे त्या टेबलाशी बसून उघड विचारता यावं, एवढं मला पुरे आहे. विचारल्यावर समोरच्याने घास थांबवून उत्तर द्यायला हवं.

त्या कॅन्टीनमधलं कोपऱ्यातलं टेबल पुढे दोघी-तिघींनी अर्ज करून हलवायला लावलं, असं मला तिथल्या एका मैत्रिणीने कळवलं. वेळही आता सगळ्यांची एकच आहे. काका अजून बहुतेक वेळा आपल्या माणसांसोबतच बसतात, ती म्हणाली. पण मंगळवारी त्यांच्याकडे भाकरी असते, तेव्हा हिला हाक मारतात.